उभ्या गाडीची बॅटरी आणि पुण्याचे ऊन

मौजे पुनावळे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले आणि त्यानंतरच्या पाव शतकात, मुंबई-बंगळूर महामार्गाचा वळणरस्ता त्याला लागून गेल्यामुळे व हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान हाकेच्या अंतरावर आल्यामुळे, त्याच्या शिवारात उंच इमारतींची दाट वसाहत उभी राहिली, हे सर्वविदित आहे. या वसाहतीतल्या धावत्या वाहनांच्या गर्दीविषयी नित्य लिहिले जाते. उभ्या वाहनांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मालक दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर परदेशी गेल्यामुळे तळघरात झाकून ठेवलेली मोटार, उन्हाळ्याच्या सुटीत मोकळ्या भूखंडावर रांगेने लावलेल्या शाळेच्या बस, हंगाम संपलेली पर्यटक वाहने आणि अलीकडे तुरळक का होईना पण दिसू लागलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली फिरती घरे, या सर्वांची व्यथा एकच आहे. गाडी पुन्हा सुरू करायची वेळ येते, चावी फिरते, स्टार्टर एकदा कण्हतो आणि गप्प होतो. अशा उभ्या गाडीची बॅटरी छोट्या सौर पॅनेलच्या साह्याने कायम भरलेली ठेवता येईल काय, ठेवता येत असल्यास कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न आपल्या पट्ट्यात उपस्थित व्हावा, हे एका अर्थी स्वाभाविक आहे. महाराष्ट्र शासनाच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि कॅरॅव्हॅनबरोबरच त्यांना पाणी, वीज व मलनिस्सारणाची सोय देणाऱ्या कॅरॅव्हॅन पार्कचीही त्यात तरतूद केली. अशी वाहने आपल्याकडे बहुधा तयार सांगाड्यावर बांधली जातात, आणि त्यासाठी नेहमी पसंत केली जाणारी ट्रॅव्हलर गाडी ज्या फोर्स मोटर्सची, तिचे मुख्य कार्यालय आकुर्डीला आहे. जुन्या पिढीला ही कंपनी १९५८ पासून बजाज टेम्पो या नावाने ठाऊक आहे. मोटार-कॅरॅव्हॅनच्या बांधणीला लागू असलेले एआयएस-१२४ हे मानकही पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या दप्तरातले आहे. चिंचवडला बॅटऱ्यांचा मोठा कारखाना आहे. म्हणजे गाडी, तिचा नियम आणि तिची बॅटरी या तिन्ही गोष्टी ज्या परिसरात घडतात, त्याच परिसरात गाडी उभी ठेवण्याचे शास्त्र मात्र ज्याने त्याने ऐकीव माहितीवर चालवावे, ही अवस्था समाधानकारक म्हणता येत नाही.

प्रथम बॅटरी उतरते कशामुळे, हे पाहिले पाहिजे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे व गंधकाम्ल यांच्यापासून जी पुन्हा भरता येण्याजोगी बॅटरी सिद्ध केली, तिचेच वंशज आज बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली आहेत, आणि या जातीचा एक उपजत दोष असा की तिला काहीही जोडलेले नसले तरी तिच्यातला विद्युत्-संचय आपोआप झिजत राहतो. २५ अंश तापमानाला ही झीज महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के असते व तापमान दर दहा अंशांनी वाढले की ती जवळजवळ दुप्पट होते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली तापलेल्या गाडीत ती किती वाढत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. तथापि केवळ संचय घटला एवढ्यावर हे थांबत नाही. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत बॅटरी राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक धरू लागतात, दिवसेंदिवस ते कठीण होत जातात, आणि काही आठवड्यांनंतर पूर्ण चार्ज करूनही गेलेली क्षमता परत येत नाही. विश्रांतीच्या स्थितीत १२.७ व्होल्ट दाखवणारी बॅटरी भरलेली, १२.४ ची पाऊण, १२.२ ची अर्धी आणि १२ च्या खालची जवळजवळ रिकामी, असा ढोबळ हिशेब आहे. ज्याला बॅटरी जगवायची आहे त्याने तिला १२.४ च्या खाली फार काळ राहू देऊ नये, एवढी एक गोष्ट पक्की धरली तरी पुष्कळ नुकसान टळेल.

परंतु आजच्या गाडीत या नैसर्गिक झिजेपेक्षा कितीतरी मोठा खर्च दुसरीकडेच होत असतो. कुलूप लावून निघून गेल्यावरही गाडीचे घड्याळ, गजराची यंत्रणा, दूरनियंत्रित कुलपाचा ग्राहक आणि संगणकाची स्मृती ही सर्व जागीच असतात. प्रवासी वाहतुकीच्या वाहनांच्या बाबतीत त्यात आणखी एका यंत्राची भर पडली आहे, ती एआयएस-१४० नुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक सेवा वाहनांना सक्तीच्या झालेल्या स्थाननिदर्शक उपकरणाची. त्याची स्वतःची छोटी बॅटरी काही तासांपुरतीच असते. पुढचा भार गाडीच्या बॅटरीवर येतो. कॅरॅव्हॅनमध्ये यांशिवाय गॅसगळतीचा सूचक, फ्रिजचे नियंत्रक मंडळ आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर असतो, व हा इन्व्हर्टर चालू ठेवला तर एकही दिवा न लावता दहा-पंधरा वॅट स्वतःच खात बसतो. पन्नास मिलिअँपिअरचा क्षुल्लक वाटणारा प्रवाह दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास नेतो. शंभर अँपिअर-तासांची चांगली बॅटरी सहा आठवड्यांच्या आतच निम्म्याखाली येते. पंधरा वॅटचा इन्व्हर्टर तेवढेच काम दोन दिवसांत करतो.

हा गुप्त खर्च मोजता येतो, आणि पॅनेल विकत घेण्यापूर्वी तो मोजलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. महामार्गाच्या सेवारस्त्यावरचा कोणताही जाणता ऑटो-इलेक्ट्रिशियन हे काम करतो, पण ते कसे केले जाते हे मालकाने एकदा शेजारी उभे राहून पाहावे. बॉनेट उघडून, गाडीला ते बंद असल्याचे वाटावे म्हणून त्याचे कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून ठेवतात, निगेटिव्ह टर्मिनलची केबल सैल करतात आणि टर्मिनल व केबल यांच्या मधोमध मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून जोडतात. काटा किंवा आकडा प्रथम मोठा येतो, कारण जोडणीबरोबर गाडीतली सर्व यंत्रे जागी झालेली असतात. येथेच घाईचा माणूस फसतो. वीस मिनिटे, कधी अर्धा तास, दार न उघडता थांबले की ती एकेक करून झोपी जातात आणि आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येत अखेर एका जागी स्थिरावतो. तीस-चाळीस मिलिअँपिअरवर स्थिरावला तर गाडी निर्दोष समजावी. दोनशे-तीनशेवर अडला तर एकेक फ्यूज काढून चोर कोणत्या फांदीवर आहे ते शोधावे. मीटर जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. बऱ्याचदा गुन्हेगार सापडतो तो मागाहून बसवलेला कॅमेरा, स्वस्तातला ट्रॅकर किंवा संगीतयंत्र. आणि तो सापडला की पॅनेलचा आकार निम्म्याने कमी होतो किंवा पॅनेलची गरजच उरत नाही.

आता जमेच्या बाजूकडे वळू. पुण्यावर पडणारे ऊन हा काही तर्काचा विषय नाही. ते मोजण्याची परंपराच या शहरात निर्माण झाली आहे. केरळातील पीरमेडच्या अ‍ॅना मणी १९४८ मध्ये भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात रुजू झाल्या, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली, आणि त्या मोजणीचे फलित १९८० व १९८१ मध्ये दोन ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध केले. भारतात सौर ऊर्जेचा जो कोणी गणिताने विचार करतो, तो जाणता-अजाणता या बाईंच्या कष्टांवर उभा असतो. शिवाजीनगरच्या ज्या कार्यालयाला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, त्याच्याशी निगडित असलेले हे नाव आपल्या शाळांतील मुलांना माहीत असावे असे मला मनापासून वाटते. पुण्याला वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे साडेपाच युनिट सौर ऊर्जा मिळते. एप्रिल-मेमध्ये हा आकडा साडेसहाच्या पुढे जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. वीस वॅटचे पॅनेल उघड्या आभाळाखाली ठेवले तर जुलैतल्या साधारण दिवशी, उष्णता, धूळ व पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसवायचा चार्जिंगचा नियंत्रक यांपायी होणारी तीस टक्क्यांची घट धरूनही, बॅटरीत चार अँपिअर-तासांच्या जवळपास भर टाकते. ज्या दिवशी सूर्याचे दर्शनच होत नाही अशा काळ्याकुट्ट दिवशीही दीड अँपिअर-तास मिळतात. पन्नास मिलिअँपिअर घेणाऱ्या गाडीचा दिवसाचा खर्च १.२ अँपिअर-तास आहे, हे वर आलेच आहे. सारांश, पन्नास मिलिअँपिअरपर्यंतच्या खर्चाला वीस वॅट पुरून उरतात, गॅससूचक व ट्रॅकर यांसह शंभर-दीडशे मिलिअँपिअर जात असतील तर चाळीस-पन्नास वॅट घ्यावेत, आणि इन्व्हर्टर चालूच ठेवण्याचा हट्ट असेल तर मात्र दोनशे वॅटच्या खाली निभाव लागणार नाही. इन्व्हर्टरचे बटण बंद करणे हा याहून स्वस्त इलाज आहे.

इंग्लंड-जर्मनीतून येणारा उपदेश येथे जसाच्या तसा चालत नाही. तेथे कॅरॅव्हॅन ठेवण्याची मुदत हिवाळ्याची, लंडनला डिसेंबरातले एकूण ऊन दिवसाला अर्ध्या-पाऊण युनिटाइतकेच, म्हणून तेथला जाणकार मोठे पॅनेल सुचवतो. उलट तेथली थंडी बॅटरीची नैसर्गिक झीज मंद करते. आपल्याकडे ऊन अनेक पटींनी अधिक आणि झीजही अधिक. तेथला माणूस पॅनेल दक्षिणेकडे चांगले तिरके ठेवायला सांगतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्यामुळे येथे तेवढाच, म्हणजे थोडासा, कल पुरतो. शिवाय पावसाळ्यात प्रकाश एका दिशेने न येता सगळ्या ढगाळ आभाळातून पाझरत असतो, तेव्हा कल जवळजवळ निरर्थक असतो. कल ठेवायचा तो पाणी व धूळ वाहून जावी एवढ्यासाठी. आणि धूळ हा पुनावळे, ताथवडे, रावेत या पट्ट्यात लहान विषय नव्हे. जेथे चारी बाजूंना बांधकामे चालू आहेत तेथे सपाट ठेवलेल्या पॅनेलवर सिमेंटमिश्रित राख बसते, पहाटेच्या दवाने ती भिजते आणि दोन-तीन वेळा असे झाले की साध्या फडक्याने निघत नाही. पंधरवड्यातून एकदा, ऊन चढण्यापूर्वी, साध्या पाण्याने धुणे हाच त्यावर उपाय.

ऋतूंच्या बाबतीत एक लक्षणीय भेद आहे. शाळेच्या बस उभ्या राहतात त्या एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे उन्हाच्या ऐन भरात. त्यांना दोन महिने जगवायला छोटेसे पॅनेल पुरते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि शाळांची वाहने दीर्घकाळ जागची हलली नाहीत, तेव्हा हप्ते थकलेल्या बसमालकांपुढे बॅटऱ्या बदलण्याचा खर्चही येऊन ठाकला. बस चालवणारा बहुधा एक-दोन गाड्यांचा छोटा धनी असतो; त्याच्यासाठी हा प्रश्न हौसेचा नसून निर्वाहाचा आहे, आणि सौर पॅनेलचा खरा लाभार्थी कॅरॅव्हॅनच्या हौशी मालकाआधी तोच आहे असे मी मानतो. त्याला एक इशारा मात्र दिला पाहिजे. मोठ्या बसमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्टची व्यवस्था केलेली असते. त्यांतल्या एकाच बॅटरीला बारा व्होल्टचे पॅनेल जोडले तर एक नित्य भरलेली व दुसरी उपाशी राहून दोन्ही लवकर जातात. तेथे चोवीस व्होल्टचीच जोडणी हवी. कॅरॅव्हॅनची गोष्ट उलटी: ती बहुधा पावसाळ्यात ठेवली जाते, ऊन सर्वांत कमी असताना, आणि म्हणून तिचे गणित जुलैच्या आकड्यावर करावे, वार्षिक सरासरीवर करू नये.

जोडणीच्या तपशिलात बहुतेकांचा घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण सिगारेट-लायटरचे सॉकेट. डॅशबोर्डवर ठेवण्याची तयार पॅनेले याच सॉकेटमध्ये खोचण्यासाठी विकली जातात, परंतु पुष्कळ गाड्यांत चावी काढताच हे सॉकेट मृत होते आणि पॅनेल महिनाभर ऊन झेलूनही बॅटरीपर्यंत एक थेंब पोचत नाही; शिवाय काचेतून येताना प्रकाशाचा बराच भाग वाटेतच जातो, तो वेगळा. फ्यूज घालून थेट टर्मिनलवर केलेली जोडणी हीच विश्वासाची. दुसरे ठिकाण कॅरॅव्हॅनच्या दोन बॅटऱ्यांचे. एक इंजिन सुरू करणारी, दुसरी घराला दिवे-पंखे पुरवणारी. छतावरचे पॅनेल बहुधा फक्त दुसरीला जोडलेले असते. मालक आत येतो, दिवे लख्ख लागतात, पंखा फिरतो आणि इंजिन मात्र सुरू होत नाही. दोन्ही बॅटऱ्यांना वाटा देणारा नियंत्रक किंवा एक भरल्यावर दुसरीकडे प्रवाह वळवणारा रिले बसवला की ही अडचण कायमची मिटते, आणि नवी कॅरॅव्हॅन बांधून घेणाऱ्याने ही अट कारागिराकडून आधीच कबूल करून घ्यावी.

नियंत्रकाशिवाय पॅनेल जोडू नये, असा माझा आग्रह आहे. अगदी लहान पॅनेलला त्याची गरज नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात व थंड देशांत ते खरेही असेल, परंतु येथे तापलेल्या बॅटरीला अखंड जादा दाब मिळाला की तिचे पाणी उडते. भरलेली बॅटरी तरंगत ठेवण्याचा दाब २५ अंशांना साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट असतो आणि बॅटरी ४० अंशांवर असेल तेव्हा तो तिसरा हिस्सा व्होल्टने कमी करावा लागतो. तापमान ओळखून ही दुरुस्ती स्वतः करणारा नियंत्रक थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. छोट्या पॅनेलसाठी साधा पीडब्ल्यूएम नियंत्रक पुरतो, महागडा एमपीपीटी शंभर वॅटच्या पुढे शोभतो. नळीच्या पट्ट्यांच्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या घरगुती इन्व्हर्टरमधून कॅरॅव्हॅनमध्ये येऊ लागल्या आहेत. त्यांच्यातून निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेट घेऊ शकतो, तेव्हा त्या झोपण्याच्या बाकाखाली बंदिस्त ठेवणे हे केवळ अविचाराचे आहे.

लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटरीला यांतले जवळजवळ काहीच लागू नाही. तिची स्वाभाविक झीज अल्प, सल्फेटचा प्रश्न नाही, आणि महिनोन्महिने काठोकाठ भरून ठेवणे तिला उलट मानवत नाही. तिला निम्म्या-साठ टक्क्यांवर आणून, सर्व भार तोडून, सावलीच्या जागी स्वस्थ ठेवणे हेच योग्य. शिशाच्या बॅटरीची सवय झालेला माणूस लिथियमलाही रोज ऊन पाजत राहतो आणि आपण तिची निगा राखतो असे समजतो. विक्रेत्यांनी तरी ही समजूत दूर करायला हवी. शिशाच्या बाबतीत निगेला आणखी एक मोल आहे. अकाली मेलेली प्रत्येक बॅटरी म्हणजे शिसे व आम्ल यांचा एक डबा पुन्हा फिरायला निघतो, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली असली तरी गल्लीतल्या भट्टीत तो वितळवला जाण्याची वाट अद्याप बंद झालेली नाही.

आता उरला तो या पट्ट्यातला सर्वांत कठीण भाग. ऊन आहे, पॅनेल स्वस्त आहे, नियंत्रक मिळतो. पण गाडी जेथे उभी आहे तेथे आभाळ नाही. पुनावळ्याच्या बहुसंख्य गृहसंकुलांत पार्किंग तळघरात, खांबांच्या मजल्यावर किंवा पोडियमखाली आहे, आणि तेथे कॅरॅव्हॅनच्या छतावर तीनशे वॅट बसवलेले असले तरी त्यांचा उपयोग शून्य. अर्धी सावलीही घातक ठरते, कारण पॅनेलमधील घटक साखळीने जोडलेले असतात व एका कोपऱ्यावर खांबाची सावली पडली की उत्पादन सावलीच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक घटते. मोकळ्या भूखंडावर गाडी भाड्याने उभी करावी तर सुटे पॅनेल चोरीला जाण्याची धास्ती आणि उंदरांनी वायरी कुरतडण्याचा उपद्रव. पॅनेल छतावर कायमचे बसवावे तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मुळे वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करताना परिवहन कार्यालयाची वाट धरावी लागते. म्हणून ते मान्यताप्राप्त बांधणीच्या वेळीच बसवून घेणे श्रेयस्कर.

तळघरातल्या गाडीसाठी दोनच मार्ग राहतात. पहिला, निगेटिव्ह टर्मिनलवर हाताने फिरवण्याचा कट-ऑफ स्विच बसवून गुप्त खर्च समूळ तोडणे आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा बॅटरी चार्जरवर लावणे. ज्या वाहनांना ट्रॅकर सक्तीचा आहे त्यांच्या मालकांनी तो असा बंद करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. संकुलाच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे, अनेक सोसायट्यांनी तेथे सामाईक वापरासाठी सौर संच बसवले आहेत आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत गृहसंस्थांच्या सामाईक सुविधांनाही अनुदानाची तरतूद आहे. गच्चीवरची ती वीज सामाईक मीटरच्या वाटेने पार्किंगमधल्या एका सॉकेटपर्यंत आणता येते. व्यवस्थापक समितीची अडचण असते ती बिलाच्या वाटणीची, आणि ती वाटते तेवढी अवघड नाही: बॅटरी तरंगत ठेवणारा छोटा स्वयंचलित चार्जर अहोरात्र दहा वॅट घेतो असे धरले तरी महिन्याची बेरीज सात युनिटांच्या आसपास येते, आणि तेवढ्या युनिटांचा ठराविक आकार देखभाल शुल्कात मिळवण्याचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडता येण्यासारखा आहे.